सिंहासाठी दोन हॉर्न

गाडी या विषयात मला कोणी काही शिकवायला जाऊ नये! बहरैनमधल्या तुबलीच्या गॅरेजात माझं अर्धं आयुष्य गाड्यांच्या पोटाखाली गेलंय. वायरिंग म्हणजे तर माझ्या डाव्या हाताचा मळ. बहरैनात कुणाच्याही गाडीचं काही बिघडलं की लोक म्हणतात, "स्वरूपला बोलवा." हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकून तुमचा गैरसमज होईल.

तर सुरुवात झाली जमालचाचांपासून. जमालुद्दीनचाचा आमचे तिथल्या झिंज भागातले शेजारी. मूळचे कोकणातले, बाणकोटचे, एका कंपनीत स्टोअरकीपर. माणूस देवमाणूस, पण थापा मारायची भारी हौस! दर रजेला गावी गेले की नातीला, लाईबाला, सांगायचे, "काय सांगू बेटा, ऑफिसला जाताना रोज वाटेत सिंह आडवा पडलेला असतो. तो उठेपर्यंत नानाला थांबावं लागतं."

लहान होती तोवर पोरीने ऐकून घेतलं. मग एक दिवस तिने ते वर्गात सांगितलं. तिचा मामेभाऊ अर्सलान त्याच वर्गात. त्याने नकाशाचं पुस्तक काढलं आणि सगळ्यांसमोर दाखवलं, बहरैनात वाळू आहे, तेल आहे, सिंह नाही! पोरं तिला 'सिंहीण थापाडी' म्हणायला लागली. त्यात चाचांची नोकरी संपत आली, आता कायमचं घरी जायचं. फोनवर लाईबा रडतरडत म्हणाली, "नाना, येताना सोनं नको, चॉकलेट नको. फोटो आणा. सिंह आणि तुम्ही, दोघं एकाच फोटोत!"

फोनमध्येच मागून चाचांची बायको, मसूदाचाची, ओरडल्या, "घ्या आता! निस्तरा!"

चाचा फोन ठेवून आमच्या खोलीत आले ते असं तोंड करून, की मला वाटलं गावाकडे कोणीतरी गेलं.

"स्वरूप, पोरगी मला खोटा समजेल रे. बाकी जग समजलं तर समजू दे."

माझा रूममेट इक्बाल म्हणाला, "चाचा, माझे मामू नैरोबीत आहेत. कापडाचं दुकान आहे, व्हॅन आहे, ड्रायव्हर आहे. आफ्रिकेचा सिंह चालेल ना?"

"न चालायला काय झालं!" मी म्हणालो. "सिंहाच्या पाठीवर पत्ता थोडाच लिहिलेला असतो?"

खलास! ठरलं! आता आम्हा गल्फवाल्यांची रजा म्हणजे गाव, दुसरीकडे कुठे जाणं म्हणजे पापच. पण चाचांसाठी आम्ही रजेतले थोडे दिवस तोडले आणि निघालो. निघताना मी छाती ठोकून सांगितलं, "फोटो माझी जबाबदारी. गाडीही माझी जबाबदारी. तुम्ही फक्त हसायचं."

मामूंची व्हॅन बघितली आणि माझ्यातला मेकॅनिक हळहळला. तिला गाडी म्हणणं म्हणजे भंगारवाल्याच्या पोटावर पाय! ड्रायव्हर म्वांगी मात्र झकास माणूस. मामूंच्या दुकानात राहून हिंदी शिकलेला, आणि कोकणी शिव्या तर आमच्यापेक्षा स्वच्छ. छप्पर वर उचलून तो म्हणाला, "इधर से शेर देखो. नीचे उतरा तो शेर तुमको देखेगा."

मसाई माराच्या अभयारण्यात शिरलो आणि काय सांगू! गवताचा नुसता समुद्र. झेब्रे तर आपल्याकडे शेळ्या फिराव्यात तसे फिरत होते. जिराफ आला, हत्ती आले, इक्बाल लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. मी फोटोमागून फोटो काढत सुटलो. फक्त सिंह तेवढा कुठे दिसेना! पहिला दिवस गेला, दुसरा गेला. चाचा दोन्ही दिवस सूट आणि टाय घालून बसलेले. निरोपसमारंभासाठी शिवलेला सूट! वर ऊन, खाली धूळ, आणि हे टायची गाठ सारखी करतायत.

"चाचा, टाय तरी काढा," इक्बाल म्हणाला.

"आणि तेवढ्यात सिंह आला तर? लाईबाला नाना साहेबासारखा दिसला पाहिजे."

तिसऱ्या दिवशी सकाळी एक फेरी, मग परत नैरोबी. त्या सकाळी मी कॅमेऱ्यात पाहिलं तर काय! रोलमध्ये एकच फोटो उरलेला! बाकी सगळ्यात जिराफ!

"किती उरलेत रे?" चाचांनी विचारलं.

"भरपूर!" मी म्हणालो.

आणि म्वांगीने कचकन ब्रेक मारला. "शेर!"

खरंच सिंह! रस्त्याच्या डाव्या हाताला, झाडाखाली, ऐसपैस. पण आमच्याकडे पाठ करून झोपलेला! दिसत होतं काय, तर तपकिरी पाठ आणि एक शेपूट. ते पोतं आहे म्हटलं असतं तरी कोणी हरकत घेतली नसती.

चाचा डाव्या खिडकीत पोज घेऊन बसले. मी पुढच्या सीटवरून मागे वळून कॅमेरा धरला. आम्ही थांबलो. सिंह काही हलेना. चाचांचं हसू गालावर वाळून गेलं.

"पाठीचा फोटो नको रे," ते दातांतून म्हणाले. "अर्सलान म्हणेल गाढव आहे."

आता इथे तुम्हाला आमच्या बहरैनची रीत सांगायला हवी. तिथे गाडीतून उतरणं म्हणजे कमीपणा! त्या उन्हात उतरणार कोण? चहा हवा, कोल्ड स्टोअरसमोर गाडी लावा, म्हणजे आपलं किराणा दुकान हो, आणि दोन हॉर्न मारा. आतून माणूस धावत येतो. चहा, पेपर, खुबूसच्या रोट्या, सगळं खिडकीत! मित्राला बोलवायचं तरी बिल्डिंगखाली दोन हॉर्न. इतक्या वर्षांची सवय हो ती, हातात मुरलेली.

"यल्ला, उठ की!" मी पुटपुटलो, आणि माझा हात आपोआप स्टीअरिंगवर गेला. पीं पीं!

म्वांगीने अशी शिवी दिली की बाणकोटची खाडी लाजली असती. पण सिंहाने मान वळवली! केवढं ते तोंड! केवढी ती आयाळ! चाचा हसले, मी डोळा लावला, आणि...

पीं ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ!

हॉर्न अडकला!

मी दचकलो, कॅमेरा उडाला आणि हवेतच क्लिक झाला. शेवटचा फोटो! गेला! सिंह उठला, आमच्याकडे एक तुच्छ नजर टाकून झुडपामागे निघून गेला. हॉर्न चालूच!

"बंद करो! बंद करो!" म्वांगी स्टीअरिंगवर बुक्क्या मारत होता.

"सरक! मेकॅनिक आहे मी!" मी त्याच्या पायांशी सूर मारला. डोकं स्टीअरिंगखाली, बाकीचा मी, खाकी पँटसकट, डाव्या खिडकीकडे वर. हॉर्नची वायर कुठे असते हे मला झोपेतही ठाऊक. धरली, ओढली! इंजिन बंद पडलं आणि वायपर सुरू झाले!

मग डोक्यात प्रकाश पडला. बहरैनात स्टीअरिंग डावीकडे, इथे उजवीकडे. सगळं उलटं! दुसरी ओढली. दिवे लागले. हॉर्न आपला चालूच!

"स्वरूप, अजून एक ओढ, रेडिओ लागेल," इक्बाल म्हणाला. त्याला अशा वेळी विनोद सुचतात.

बॅटरी उतरत गेली तसा हॉर्नचा आवाजही म्हाताऱ्या बोकडासारखा होत होत शेवटी थांबला. सगळीकडे शांतता. मी वर यायला लागलो, तर म्वांगीने माझं डोकं पायाने परत खाली दाबलं.

"हिलो मत! शेर आया!"

झुडपामागे ऊन आलं होतं म्हणे. आमच्या व्हॅनची सावली गार, लांबलचक. बहरैनात सावलीतल्या पार्किंगसाठी माणसं भांडतात, मग सिंहाला काय नावं ठेवायची? तो आला आणि माझ्या खिडकीखाली दाराला टेकून पसरला. मला दिसत काहीच नव्हतं. फक्त घोरणं ऐकू येत होतं, आणि ते इक्बालचं नव्हतं!

हॉर्न ऐकून जंगलातल्या सगळ्या पर्यटकांच्या गाड्या तोवर तिथे जमल्या. एवढ्या जवळून सिंह कुणाला मिळणार! क्लिक, क्लिक, क्लिक! लग्नात नवरदेवाचे काढत नाहीत इतके फोटो! आणि आमच्याकडे रोल नव्हता.

"चाचा, माफ करा हो," मी खालून म्हणालो. मला खरंच रडू येत होतं.

"गप रे," चाचा वरून कुजबुजले. "मी सिंहाकडे बघतोय. काय देखणं जनावर बनवलंय अल्लाने!"

सिंह गेल्यावर आम्हाला दोरीने ओढून नेलं. एका गाडीतल्या गोऱ्या आजीबाई चाचांच्या टायवर फिदा होत्या. चाचांनी त्यांना हातवारे करत बाणकोटचा पत्ता लिहून दिला. मी म्हटलं, फोटो कोण पाठवतंय!

बहरैनला परतल्यावर मनाम्यात रोल धुतला. शेवटच्या फोटोत चाचांचा टाय होता, तोही अर्धा.  गावी निघताना विमानतळावर चाचा मला मिठी मारून म्हणाले, "इंशाल्ला, पोरीला खरं काय ते सांगेन." 

मग एके दुपारी गॅरेजात फोन वाजला. पलीकडून किंचाळीच!

"स्वरूपकाका! फोटो आला! गोऱ्या आजींनी पाठवला! खाली सिंह, वर खिडकीत नाना, टायमध्ये! मी शाळेत नेला. अर्सलानने कान पकडले!"

"वा गं माझी सिंहीण!" मी इतक्या जोरात ओरडलो की आमच्या फोरमनच्या हातातला पाना पडला.

"पण काका, पुढच्या खिडकीत अजून एक जनावर आहे. मोठं, गोल, खाकी. त्याला तोंडच नाही! वर्गात कुणालाच ओळखता आलं नाही. बाईंनासुद्धा!"

मी घसा खाकरला. "नानांना विचार बाळ."

"विचारलं ना! नाना म्हणाले, ते आफ्रिकेचं नाही, बहरैनचं आहे. तुबलीत गाड्यांखाली राहतं, आणि दोन हॉर्न मारले की बाहेर येतं!"