शेजारी बसलेला

मालक मोहनबाबूंनी कंपनीत जोडीनं काम करायचा नियम आणला आणि देवदत्तची पंचाईत झाली. एकानं प्रोग्राम लिहायचा, दुसऱ्यानं शेजारी बसून चुका धरायच्या, तासाभरानं जागा बदलायच्या. "दो दिमाग, एक कीबोर्ड! गलती बचेगी कहाँ?" मोहनबाबू म्हणाले. देवदत्तची जोडी लागली रुचाशी. रेल्वेतल्या साहेबांची मुलगी, बोलायला फटकळ आणि टाइप करायला त्याहून झपाट्याची.

देवदत्त अजून कच्चा नोकर. एका धर्मशाळेच्या खोल्या ऑनलाइन द्यायचं काम चालू होतं. ते ट्रस्टींच्या पसंतीला उतरलं तर तो पक्का, नाहीतर सामान बांधून हैदराबादला मामेभावाकडे. मग दुर्गाघाटावर वडील, विष्णुशास्त्री, एकटे, आणि त्यांना तर आता जिन्याच्या पायऱ्याही धड दिसत नव्हत्या. तरी सकाळी लेकाला चहा स्वतःच करून देत. स्वतः चहाला शिवत नसत. देवदत्त तो डोळे मिटून एका दमात पिई आणि कामाला पळे.

संगणक तो पुढे शिकला. त्याआधी वडिलांकडे वेदाची संथा. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा, मध्ये बोलायचं नाही. ती सवय काही सुटली नव्हती. रुचानं एक ओळ लिहिली की शेजारून ती दोनदा ऐकू यायची, कंसासकट.

"अरे, हे काय लावलंयस?"

"पाठ करतोय."

"पाठ कशाला? चुका काढ ना!"

"तुझ्या?" देवदत्त घाबरलाच. "मी कसा काढणार?"

"बरं, मग आता तू लिही."

"नको गं, तुझं बढिया चाललंय."

रुचानं कपाळाला हात लावला. पण खरं सांगू? तिलाही ते बरंच वाटत होतं. मान डोलावणारा जोडीदार कुणाला नको असतो?

आठवडाभराचं काम तिनं सर्व्हरवर चढवलंच नाही; पूर्ण झालं की एकदम चढवू, म्हणाली. देवदत्तला ते पटलं नव्हतं. तो गप्प बसला. ट्रस्टी यायच्या आदल्या दिवशी तिनं चहाचा मातीचा कुल्हड लॅपटॉपच्या अगदी कडेला ठेवला. देवदत्तला तेही दिसलं. तो तेव्हाही गप्प बसला. कुल्हड लवंडला आणि लॅपटॉपनं मान टाकली.

"गेलं रे सगळं!" रुचा रडायलाच लागली.

"कुठे गेलं? मला पाठ आहे," देवदत्त म्हणाला.

आणि काय सांगावं, तो म्हणत गेला आणि ती त्याच्या लॅपटॉपवर लिहीत गेली. टिंब इकडचं तिकडे झालं नाही. मोहनबाबूंनी पाठ थोपटली, "वाह, पंडितजी!" त्या दिवशी देवदत्त गल्लीतून जवळजवळ नाचतच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टी आले, खूश झाले. त्यातल्या म्हाताऱ्यानं सहज म्हणून एक खोली रद्द करून पाहिली. झालं! सगळ्याच खोल्या रद्द झाल्या, आणि तसे निरोपही यात्रेकरूंच्या मोबाइलवर धडाधड गेले. पहिला फोन आला तो त्याच ट्रस्टींच्या व्याह्यांचा. ते स्टेशनवर उतरले होते.

ट्रस्टी उठून गेल्यावर रुचा हळूच म्हणाली, "चूक माझीच आहे. पण तुला दिसली नाही का रे?"

"दिसली होती. तू लिहिलीस तेव्हाच."

"आणि काल परत म्हणताना?"

"म्हणताना शब्द बदलायचा नसतो."

रुचाला हसावं की रडावं कळेना. मोहनबाबूंना मात्र कळलं. "अगले महीने से अपना देख लीजिए," ते देवदत्तला म्हणाले. म्हणजे हैदराबादच.

संध्याकाळी विष्णुशास्त्री चहाला आधण ठेवून चाचपडत उभे होते. देवदत्तनं सगळं सांगितलं.

"दिसत होतं, मग बोलला का नाहीस?"

"तुम्हीच तसं शिकवलंत, बाबा."

"अरे, संथा घेतानाची गोष्ट ती! पारायणात म्हणायला आम्ही दोघं वैदिक बसतो ते कशाला? एक चुकला की दुसऱ्यानं टोकायला. शेजारी नुसतं बसायचं असतं होय?"

बोलता बोलता त्यांनी डबा उघडून चमचा भरला. देवदत्तनं त्यांचा हात धरला.

"बाबा, ती साखर नाही. मीठ आहे."

चमचा तसाच राहिला. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि तू रोज प्यालास?"

विष्णुशास्त्रींनी डबा ठेवला, गॅस चाचपून बंद केला आणि तिथेच पाटावर बसले.

"आता तू हैदराबादला गेल्यावर मला कोण सांगणार रे?"