कार्ड चालेल अशी जागा

प्रकाशसेठने ते काळं, चकचकीत कार्ड दोन बोटांत धरून क्षणभर उजेडाकडे फिरवलं आणि काउंटरवरून हळूच परत सरकवलं.

"अंकल, ये वाला अब नहीं लेंगे."

"क्यों? पिछले महीने तो लिया था." काशिनाथराव देवपुजारी म्हणाले.

"पिछले महीने हिसाब नहीं देखा था ना. बाकी कार्डों पे मशीनवाली कंपनी थोड़ा काटती है, इस वाले पे सीधा डबल. आपके बेटे को एयरपोर्ट पे जो मुफ़्त का नाश्ता मिलता है, वो मेरी शक्कर में से जाता है." मागच्या गिऱ्हाइकांत हशा पिकला. प्रकाशसेठचा आवाज मऊ झाला. "यूपीआई कर दो. नकद दे दो. उधार ले जाओ, अपन कोई आज के थोड़े हैं. बस ये मत निकालो."

काशिनाथरावांनी पाव किलो तुरीची डाळ काउंटरवरच ठेवली आणि रिकामी पिशवी घडी करत ते बाहेर पडले. शाहपुऱ्याच्या तळ्यावर दुपार निश्चल पडली होती. पाण्याला बोलायचं काही नव्हतं आणि काठावरच्या माणसाला ऐकवायचं काही नव्हतं.

गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमधून निवृत्त झालेल्या या माणसाला पैशांची अडचण नव्हती. पेन्शन पुरून उरत होती. ते कार्ड बंगळुरूच्या गौरांगने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, स्वतःच्या खात्यावर वडिलांच्या नावाने काढून कुरियरने पाठवलं होतं. त्याची खरी किंमत काशिनाथरावांना पहिल्यांदा ते वापरलं तेव्हा कळली. कार्ड यंत्रात घातलं, की मेसेज गौरांगच्या मोबाइलवर जाई. आणि थोड्याच वेळात इकडचा फोन वाजे.

"बाबा, आत्ता मेसेज आला. काय घेतलं?"

"डाळ."

"कुठली?"

"तुरीची."

"अच्छा. आई बरी आहे?"

"बरी आहे. देऊ का तिला?"

"मीटिंगमध्ये शिरतोय. रात्री करतो."

रात्री फोन येत नसे. परंतु महिन्याभराची डाळ एकदम भरण्याची आपली जन्माची सवय काशिनाथरावांनी त्या दिवसापासून सोडली. डाळ पाव किलोने येऊ लागली, साबण एकेक वडीने, आणि अगरबत्तीचा एक पुडा आणायला ते भर उन्हात चौकापर्यंत जाऊ लागले.

"तो तुमची चौकशी नाही करत," लीलावतीबाई पोळी लाटता लाटता म्हणत. "कार्ड चोरीला गेलं की काय, ते विचारतो."

"कशासाठी का होईना, विचारतो नं?"

यावर लीलावतीबाई पोळी जरा जास्तच जोराने लाटत.

आणि आता बाजार त्या कार्डावर उलटला होता. प्रकाशसेठच्या मागोमाग औषधवाल्याने मान हलवली, मग मिठाईवाल्याने, मग चष्मेवाल्याने. व्यापाऱ्यांची आपसांत काही बोलणी झाली असावीत; कारण काशिनाथरावांचा हात खिशाकडे वळताच गल्ल्यावरचा प्रत्येक हात आधीच नकारासाठी वर होऊ लागला. मिसरोदला नवीन निघालेल्या एका शोरूममध्ये सगळी कार्डं घेतात असं कानावर आलं, तेव्हा ते सिटी बसने तिथवर गेले आणि बराच वेळ लावून त्यांनी एक नळ पसंत केला. घरात गळका नळ एकही नव्हता. तिथल्या कॅशिअरने कार्ड पाहिलं आणि नळ पुन्हा खोक्यात घातला.

फोन वाजेनासा झाला. तसा तो अधूनमधून वाजे. कधी कर्ज हवं का म्हणून, कधी मिसरोदला प्लॉट हवा का म्हणून. काशिनाथराव त्या अनोळखी मुलींनाही पटकन फोन ठेवू देत नसत.

"त्याला सरळ तुम्हीच फोन लावा नं," लीलावतीबाई एकदा म्हणाल्या. "फोन काय त्याच्या एकट्याकडे आहे?"

"लावला तर उचलतो गं. पण पहिलं वाक्य असतं, 'बाबा, काही काम होतं का?'" काशिनाथराव म्हणाले. "काम काहीच नसतं."

लीलावतीबाईंनी मग तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी काशिनाथराव पुन्हा प्रकाशसेठच्या दुकानात गेले. रात्रभर विचार करून त्यांनी एक तोडगा काढला होता, आणि ड्रॉइंग सेक्शनच्या माणसाला शोभेल असा तो निर्दोष होता.

"सेठ, मशीनवाले जो काटते हैं, वो मैं आपको अलग से नकद दे दूँगा. आप कार्ड चला दो."

प्रकाशसेठने वजनाचं माप खाली ठेवलं. "अंकल, जेब में नकद है?"

"है."

"दाल जितना है?"

"है ना."

"तो नकद ही दे दो ना पूरा!"

"नहीं. कार्ड ही चलाना है."

या वेळी कोणीही हसलं नाही. प्रकाशसेठ काउंटरवरून वाकला आणि त्याने खालच्या आवाजात विचारलं, "अंकल, घर पे सब ठीक है ना? किसी चक्कर में तो नहीं फँस गए?"

माणूस चांगला होता. पण चांगल्या माणसाची काळजी बाजारात फार लांबवर ऐकू जाते. देवपुजारी कार्डाच्या कर्जात बुडाले आहेत, अशी वार्ता औषधवाल्याकडून निघून संध्याकाळपर्यंत मराठी मंडळाचे चिटणीस विश्वास पांढरीपांडे यांच्यापर्यंत पोहोचली. ते गव्हाची एक पिशवी स्कूटरवर घालून दारात उभे राहिले.

"वहिनी, संकोच करायचा नाही," त्यांनी पोह्यांची दुसरी बशी पुढे ओढत सांगितलं. "मंडळाचा सहायता निधी असतो कशासाठी?"

"पण आमच्याकडे झालंय काय?"

"झालंय ते होऊन गेलं. त्याचा उच्चारसुद्धा मी करणार नाही. सध्या कार्यकारिणीच्या फक्त अकरा जणांना माहीत आहे."

ते गेल्यावर लीलावतीबाईंनी दार लावलं आणि गव्हाच्या पिशवीसमोर उभ्या राहिल्या.

"आता मंडळाच्या हळदीकुंकवाला मी कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

काशिनाथरावांपाशी होते ते शब्द या वयाच्या माणसाने बायकोसमोर उच्चारण्याजोगे नव्हते. मला माझ्या मुलाचा आवाज ऐकायचा आहे, हे वाक्य कितीही नीट रचलं तरी भिकेसारखंच ऐकू येतं, असं त्यांना वाटलं.

पुढच्या सकाळी तळ्याभोवती फेरी मारताना त्यांना एका काचेच्या दारावर चिकटवलेली पट्टी दिसली. 'सभी कार्ड स्वीकार्य.' कार्ड आता ते फिरायला जातानाही खिशात ठेवत. ते आत शिरले. ती रक्त तपासण्याची लॅब होती.

"कौन सा टेस्ट, अंकल?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"जो कार्ड से हो जाए."

मुलीने मान वर केली. "डॉक्टर का पर्चा?"

"नहीं है. कार्ड ये वाला है. चलेगा?"

"सब चलता है, अंकल. यहाँ आके कोई बहस नहीं करता. फुल बॉडी कर दूँ? ऑफ़र है."

यंत्राने कार्ड विनातक्रार गिळलं, बारीकसा आवाज केला आणि पावती बाहेर काढली. काशिनाथराव तो आवाज डोळे मिटून ऐकत राहिले. दंडाला रबराची पट्टी आवळून मुलीने सुई हातात घेतली, तोच त्यांच्या खिशात फोन वाजला.

"बाबा! लॅबचा मेसेज आला. काय झालं?"

"काही नाही रे. असंच."

आजारी माणसं ज्या सुरात 'असंच' म्हणतात, त्याच सुरात ते निघालं होतं. त्यांनी ते ठरवून केलं नव्हतं. पण आपल्या कानांनी तो सूर त्यांनी ऐकला आणि दुरुस्त मात्र केला नाही.

"असंच म्हणजे काय? छातीत दुखतंय? कोणी बरोबर आहे का? आईला सांगितलंत? बाबा, बोला नं!"

मीटिंग नव्हती. किंवा होती, आणि पहिल्यांदाच ती थांबली होती. त्या संध्याकाळी गौरांगचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, दुपारी जेवलात का म्हणून आला. लीलावतीबाईंशीही तो बोलला, आणि त्या ओठ आवळून 'हो', 'नाही', 'बघू' इतकंच म्हणाल्या.

"मला या सोंगात ओढू नका," फोन ठेवून त्यांनी बजावलं. "मी असलं काही करणार नाही. सांगून ठेवते."

रिपोर्ट मोबाइलवर आले. काशिनाथराव चष्मा पुसून एकेक ओळ वाचत खाली सरकत गेले. साखर, मूत्रपिंड, यकृत, हृदय; कुठेही लाल खूण नव्हती.

"काही निघालं?" लीलावतीबाईंनी विचारलं.

"सगळं नॉर्मल."

"मग तोंड असं का पडलंय?"

"सगळ्यांचं निदान व्हिटॅमिन तरी कमी निघतं गं," ते म्हणाले. "माझं तेसुद्धा पुरेसं आहे."

गौरांगला त्यांनी सांगितलं की रिपोर्ट अजून यायचेत. "इतके दिवस?" एवढंच त्याने विचारलं, आणि शनिवारी सकाळी तो स्वतःच दारात उभा राहिला.

तो वाळला होता. कानांजवळ पांढरं दिसू लागलं होतं. फोनवरच्या आवाजाला हे केस कधी नव्हते. लीलावतीबाईंनी त्याला भरल्या वांग्यांची भाजी वाढली आणि तो खात असताना त्याच्यासमोरून त्या एकदाही उठल्या नाहीत. दुपारी तो बैठकीतल्या दिवाणावर झोपला, तेव्हा घरातल्या दोघांनी पंख्याचा आवाजही मनातल्या मनात दबका केला.

उठल्यावर त्याने रिपोर्ट मागितले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. काशिनाथरावांनी मोबाइल पुढे केला. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं आणि एकाएकी वडिलांच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

"सगळं नॉर्मल आहे, बाबा." तो म्हणाला. "चार रात्री झोपलो नाही मी."

त्या खांद्याला शरम वाटली, आणि त्याच खांद्याला हेही वाटलं की हे कपाळ इथून हलू नये.

ते हललं. "मग मी उद्या सकाळचीच फ्लाइट बघतो," गौरांग डोळे पुसत हसला. "मंगळवारचं तिकीट काढलं होतं. पण आता काही प्रश्नच नाही नं?"

"नाही," काशिनाथराव म्हणाले. "प्रश्न काहीच नाही."

"आणि ते पांढरीपांडे काका खाली भेटले. कार्ड घेत नाहीत म्हणे दुकानदार. मला सांगायचं नाही का?" त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर दोन-चार वेळा बोट फिरवलं. "झालं. आता दर महिन्याला तुमच्या खात्यात आपोआप पैसे येतील. ना मेसेज, ना मी तुम्हाला डाळीसाठी त्रास देणार. कार्ड फक्त हॉस्पिटल वगैरेसाठी असू द्या."

त्याने सगळं किती नीट सोडवलं होतं. पोरगं बापावर गेलं होतं.

रविवारी तो गेला. 'पोहोचलो' असा मेसेज आला. मग सोमवार आला, त्यानंतरचे वार आले. महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात पैसे आले आणि त्यांच्याबरोबर कोणाचाही आवाज आला नाही. लीलावतीबाईंनी दिवाणावरची चादर अजून बदलली नव्हती. काशिनाथरावांनी ते पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

एके सकाळी त्यांनी दोन कप चहा गाळला. लीलावतीबाई आंघोळ करून, बाहेर नेसायची साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"मला नको चहा."

"का? आज उपास आहे?"

"उपास कसला?" त्यांनी पर्स उघडून आत पाहिलं. काळ्या कार्डाची कड चमकली. "ते लॅबवाले रिकाम्या पोटी यायला सांगतात नं?"

काशिनाथरावांच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"अगं, पण सगळं नॉर्मल निघालं तर?"

"सकाळी सकाळी असं अभद्र बोलू नये," लीलावतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी चपला पायात सरकवल्या.