ठकूअक्काचं वारूळ

एका जंगलात ठकूअक्का नावाची एक अस्वलीण राहत होती. कुठल्या जंगलात, असं विचारू नका. मोठे झालात की आपोआप कळेल.

तिला दगडू नावाचा धाकटा भाऊ होता. आईबाप लवकर गेले, म्हणून अक्कानेच त्याला वाढवलं. कशावर? वाळवीवर. घरामागे भलंथोरलं वारूळ होतं. नखाने भोक पाडायचं, तोंड लावायचं आणि फुर्रकन ओढायचं. ई काय करता? तुम्ही शेवया कशा खाता ते मी पाहिलंय!

भाऊबीजेला अक्का परडीभर वाळवी काढायची, वर मोहाची वाळवून ठेवलेली फुलं घालायची. दगडू परडी चाटून लख्ख करायचा. त्याच्याकडे बघूनच अक्काचं पोट भरायचं.

मग दगडू शिकला. नदीपलीकडच्या शाळेत पहिला आला आणि सिंहमहाराजांच्या कचेरीत साहेब झाला. आता त्याला श्रीयुत अस्वले म्हणायचं बरं का! पगार भक्कम. चार वाजता चहा, आणि चहाबरोबर क्रीमची बिस्किटं.

त्या भाऊबीजेला अक्काने परडी पुढे केली, तर साहेबांनी तोंड फिरवलं.

"अक्का, अजून किडेच खातेस? शिकलेल्या घरात असलं काही शिजत नाही."

"शिजवत कुठे रे, कच्चीच तर खातो आपण. एक घास घे. माझ्यासाठी."

"कचेरीत कळलं तर अब्रू जाईल माझी!"

त्याने बिस्किटांचा डबा ठेवला आणि उपाशीच निघून गेला. अस्वलांना पदर नसतो, म्हणून अक्काने पंजानेच डोळे पुसले.

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण ती भोळी सांब! तिला वाटलं, भाऊ एवढा शिकलेला, म्हणजे आपलंच चुकत असणार. तिने मनाशी ठरवलं, एका तरी भाऊबीजेला दगडूला आवडेल ते करायचं आणि त्याला पोटभर जेवायला घालायचं.

तेवढ्यात कुठल्याशा कंपनीचा कोल्हा दारात आला.

"अक्का, ते घाणेरडं वारूळ आम्हाला देऊन टाका. दर महिन्याला बिस्किटांचे दोन डबे घरपोच."

"क्रीमची?"

"क्रीमची!"

अक्काने अंगठा उठवला. वारुळाभोवती तारेचं कुंपण आलं. अक्का बिस्किटं खाऊ लागली. आधी दात गेले, मग गुडघे धरले. भावाला मात्र दर भाऊबीजेला नेमकी मीटिंग असायची.

इकडे साहेबांचं पोट सुटलं. दोन पायऱ्या चढले की धाप लागायची. शेवटी ते समुद्रापार शिकून आलेल्या बगळा डॉक्टरांकडे गेले.

"बिस्किटं बंद," डॉक्टर म्हणाले. "वाळवी सुरू करा. रानातली, न धुतलेली."

साहेबांनी आ वासला. पण डॉक्टरांची फी जबर होती, त्यामुळे सल्ला लगेच पटला. वर्षभरात सगळी कचेरी काचेच्या बरणीतली वाळवी खाऊ लागली. हरणंसुद्धा डोळे मिटून गिळायची.

त्या भाऊबीजेला साहेब आले. चांगले सडपातळ झाले होते. अक्काला काय करू नि काय नको असं झालं. पाट मांडला, रांगोळी काढली आणि पानात बिस्किटांची ही रास वाढली. वर्षभर स्वतःच्या तोंडचं काढून ठेवलं होतं तिने.

साहेब दचकून मागे सरकले. "अरे देवा! अक्का, हे विष आहे विष! तुम्हा लोकांना कधी कळणार?"

त्यांनी पिशवीतून बरणी काढली आणि मोजून एकवीस वाळव्या तळहातावर घेतल्या.

अक्काचं नाक फुरफुरलं. "दगडू, ही आपल्या वारुळातली आहे रे."

"काहीतरीच काय! ही परदेशी आहे. बरणीवर लिहिलंय."

"वास खोटं बोलत नाही, बाळा. मला एक देतोस?"

"दिली असती गं. पण डॉक्टरांनी एकवीस म्हणजे एकवीसच सांगितल्यात."

बहिणीच्या पाटावर बसून त्याने स्वतःच्या बरणीतलं खाल्लं. पानातल्या बिस्किटाला बोटही लावलं नाही. अक्काने ओवाळलं तेव्हा तबकात एक पुस्तिका टाकली. त्याने स्वतः लिहिलेली. कचेरीने बक्षीसही दिलं होतं म्हणे.

तो गेल्यावर अक्काने शेजारच्या सशाकडून ती वाचून घेतली. नाव होतं, 'अडाणी प्राण्यांच्या वाईट सवयी'. पहिल्याच पानावर उपाय होता : रोज सकाळी उठून घरामागच्या वारुळाशी जावे.

"बघ रे, किती काळजी आहे त्याला माझी," अक्का म्हणाली. मग गुडघ्यावर हात देत उठली, कुंपणापर्यंत गेली आणि तारेला नाक लावून उभी राहिली.

तात्पर्य : बाळांनो, खूप शिका आणि खूप कमवा. म्हणजे गरिबाला फुकट मिळायचं ते तुम्हाला विकत घेता येईल, आणि ते तो का खात नाही म्हणून त्याला रागावताही येईल.