तीन गावांचं पाणी

जगातला कोणताही प्रश्न तक्त्यात बसवला की सुटतो, यावर राहीचा ठाम विश्वास होता. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या माणसानं दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायचा? धसईच्या बाजारात भेंडी घ्यायची झाली तरी ती चार टोपल्यांचा रंग, लांबी आणि शेंडा मोडताना होणारा आवाज यांची मनातल्या मनात सरासरी काढायची. तोवर भेंडी संपायची, ही गोष्ट वेगळी!

त्यामुळे ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि "आता राहायचं कुठं?" हा प्रश्न घरात शिरला, तेव्हा बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि राहीचे डोळे चमकले. धसईजवळच्या त्यांच्या पाड्यावरून ठाणं गाठायचं म्हणजे आधी मुरबाडची एसटी, मग कल्याणची, मग रेल्वे. जाऊन-येऊन सात तास! नोकरीचे नऊ. उरलेल्या आठांत जेवायचं, झोपायचं आणि एसटी अजून का आली नाही याचा विचार करायचा. म्हणजे घर हलवायलाच हवं. बदलापूर, टिटवाळा की आटगाव? तीन ठिकाणं, अकरा निकष, प्रत्येक निकषाला वजन.

"दोन दिवसांत उत्तर देते," राही म्हणाली. "दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत!"

"सैपाकघराला खिडकी हाय का, ते लिव त्याच्यात," आई म्हणाली. आई म्हणजे शालन. निकष बारा झाले.

तक्त्याला पहिला धक्का नातेवाइकांनी दिला. सतीशमामा बदलापूरला राहायचा. रंजनाआत्या टिटवाळ्याला. दोघांनाही राही आपल्याच गल्लीत हवी होती, आणि दोघांचे फोन एका तासाआड यायचे.

"बदलापूर सोडून दुसरीकडं गेलीस तर माझं नाव सतीश नाय!"

"टिटवाळ्याला ये गो बाय. मामाचं काय ऐकतेस? त्याला सोताच्या घराची किल्ली सापडत नाय."

आटगावच्या बाजूनं बोलणारं कोणीच नव्हतं. तिथं राहीनं तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहिल्या होत्या. मागं मोकळं रान, समोर डोंगर, स्टेशन दहा मिनिटांवर. खोल्या बघून निघताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं होतं. पण वैज्ञानिकाला आवड-निवड नसते. म्हणून तिनं ते कुणालाच सांगितलं नाही आणि 'मोकळी हवा' या निकषाचं वजन गुपचूप पाचावरून पंधरा केलं.

दुसरा धक्का बाबांनी दिला, आणि तो जबर होता.

बाबा, म्हणजे महादू, ग्रामपंचायतीचे पाणीवाले. सत्तावीस वर्षं रोज पहाटे टाकीवर जायचं, विहिरीचं पाणी चढवणारा पंप चालू करायचा, पाणी शुद्ध करायची पावडर मोजून टाकायची आणि मग गावाला पाणी सोडायचं. दिवाळीआधी निवृत्त झाले. आता त्यांच्या जागी रितेश आला होता, आणि रितेशनं मोबाइलवरून पंप चालू होणारा स्टार्टर बसवला होता. तरी बाबा पहाटे उठून टाकीवर जायचे, टाकीकडे बघायचे, टाकी त्यांच्याकडे बघायची, आणि ते परत यायचे. दिवसभर अंगणात येरझाऱ्या. घरात एक राही अस्वस्थ होती ती जायचंय म्हणून, आणि एक बाबा अस्वस्थ होते ते कुठंच जायचं नाही म्हणून!

"मी घर बघणार नाय, टेशन बघणार नाय," बाबा म्हणाले. "मी पाणी बघणार. पाणी पटलं तर येईन. नाय पटलं तर तू जा, आमी हितंच बरे."

"आणि आई?"

"ते नाय आले तर मी पण नाय," शालन म्हणाली. "हेंच्या भाकरीला कोण बघंल?"

झालं! अकरा निकष कोसळले, एक उरला. बाबा आले नाहीत तर आई नाही, आणि आई नाही तर राही एकटी कुठल्यातरी खोलीत डाळ-खिचडी करणार. आटगावच्या खोल्यांचा मालक रविवारी दुपारी बारापर्यंत थांबणार होता.

पण राही डगमगली नाही. उलट तिला स्फुरण चढलं. "बाबा, आंधळी चाचणी घेऊ!"

"आंधळी कशाला? डोळे चांगले हायेत माझे."

"तसं नाही. तीन ठिकाणचं पाणी तीन सारख्या बाटल्यांत. वर फक्त नंबर. कुठलं कुठलं ते तुम्हाला कळणार नाही. नुसत्या चवीवर सांगायचं."

बाबांचा चेहरा दिवाळीनंतर पहिल्यांदा उजळला. सत्तावीस वर्षांच्या जिभेला कोणीतरी काम दिलं होतं.

शुक्रवारी राही पहाटेच्या एसटीनं निघाली. बदलापूरला मामीकडून बाटली भरून घेतली, टिटवाळ्याला आत्याकडून, आणि आटगावला मालकाच्या नळाखाली स्वतः उभी राहून. बाटल्यांवर डिंकानं एक, दोन, तीन असे कागद चिकटवले. कुठला नंबर कुठला, ती चिठ्ठी पाकिटात घालून बाबासाहेबांच्या तसबिरीमागं ठेवली. शनिवारी पाड्यावर बातमी पसरली. "महादू पाणी पिऊन गाव निवडणार!" यापेक्षा मोठी करमणूक जवळपास कुठं नव्हती.

रविवारी सकाळी अंगण भरलं. मामा टेम्पो घेऊन आला, आत्या रिक्षा करून आली. शेजारची सावळीआजी दळण अर्धं टाकून आली. कमळूकाका बकऱ्यांसह आले. दोन दिवसांच्या दगदगीनं राहीला उठायला उशीर झाला होता. तोंड धुऊन ती धावत बाहेर आली. अंगणातला कढीपत्ता त्या सकाळी जरा जास्तच टवटवीत दिसत होता. पण एवढी निरीक्षणशक्ती असूनही तिनं त्याची नोंद केली नाही.

बाबा खाटेवर मांडी घालून बसले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. राहीनं पहिला पेला दिला.

बाबांनी घोट घेतला. गालात फिरवला. डोळे मिटले. अंगणात बकरीसुद्धा गप्प झाली.

"बेस."

दुसरा पेला.

"बेस."

तिसरा.

बाबांनी पेला पार रिकामा केला. मग म्हणाले, "बेस."

"बाबा, तिन्ही कसे बेस? क्रम लावा ना!"

"थांब. पुन्ना दे."

"एक नंबर बदलापूर!" मामा उभा राहिला. "माझ्या घरचं पाणी मला कळत नाय? आणा हिकडं." त्यानं घोट घेतला. "हेच! काय गोडी हाय! जिवंत पाणी."

"गोडी? मला द्या," म्हणत आत्यानं पेला ओढला. "अगो बाय, हे तर मचूळ लागतंय! दोन नंबर बघा, ते टिटवाळा. घशाखाली जाताना कळत पण नाय."

"कळत नाय कारण त्यात कायच नाय, रंजनाताई! पाण्याला काय वजन नको?"

"वजन पाह्यजे तर दगड चावा, सतीशभाऊ!"

मग चाचणी राहीच्या हातातून सुटली. पेले अंगणभर फिरले. सावळीआजीनं दोन नंबर पिऊन पोट धरलं. "जड हाय गो. माझ्या पोटात तवापासून गुडगुडतंय." कमळूकाकांना तीन नंबरला लोखंडी पाइपाचा वास आला. रितेश म्हणाला, "नाय काका, लोखंडाचा वास एक नंबरला हाय. तीन नंबरला मातीचा येतो, डोंगराकडचं असणार." कोणी म्हणालं दोन नंबरनं डाळ शिजणार नाही. कोणी म्हणालं एक नंबरनं केस गळतील. कमळूकाकांनी बकरीला तिन्ही दाखवलं; ती तिन्ही प्यायली आणि तिनं दोन नंबरचा पेला पाडला. त्यावर आत्या बकरीशी भांडली!

राहीनं शेवटचं शस्त्र काढलं. पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर. "मतं नकोत, आकडा बघू!"

एक नंबर: एकशे शहाऐंशी.

दोन नंबर: एकशे शहाऐंशी.

तीन नंबर: तिनं मीटर झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. एकशे शहाऐंशी!

हा आकडा तिच्या ओळखीचा होता. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिनं गावच्या विहिरीचं पाणी दहा वेळा मोजलं होतं. तिनं तीन नंबरची बाटली उचलून डोळ्यांजवळ नेली. कागद जरा तिरका होता. आणि कागदाच्या कोपऱ्यातून भाताचं एक शीत डोकावत होतं.

डिंकाला शितं कधीपासून येऊ लागली?

ती सैपाकघरात धावली. शालन चहाला आधण ठेवत होती. खिडकीबाहेरून "बदलापूर!" "टिटवाळा!" असा गजर चालू होता.

"आई! बाटल्यांना तू हात लावलास?"

"लावला म्हंजे? घासल्या चांगल्या! राखेनं."

"आणि पाणी?"

"वतलं कढीपत्त्याला."

"आई!!"

"वरडतेस काय? परवाचं पाणी ते, दोन रात्री शिळं! पाव्हण्यांना शिळं पाणी पाजू? तुझ्या आज्जीनं कधी रातचं पाणी सकाळी घरात ठिवू दिलं नाय मला. पहाटं विहिरीवरून ताजं आणलं, भरलं. कागद निघाले व्हते, ते होते तसे चिकटवले भातानं." शालननं अभिमानानं पुस्ती जोडली, "नंबर पण बराबर लावले."

राही मटकन पाटावर बसली. म्हणजे गेला तासभर सगळा पाडा एकाच विहिरीचं पाणी पिऊन भांडत होता! सांगावं तर बाबा म्हणणार, बघ, आपल्या विहिरीसारखं पाणी कुठंच नाही, मी हितंच बरा. न सांगावं तर बी.एस्सी. कशाला केलं? ती उठली, बसली, पुन्हा उठली. घड्याळात साडेअकरा. शेवटी विज्ञानानं मायेवर मात केली. ती बाहेर आली आणि म्हणाली, "थांबा! मला एक गोष्ट सांगाय—"

"माझं ठरलं," बाबा खाटेवरून उठले. "तीन नंबर! जिथलं आसंल तिथं जाऊ."

रितेशनं तसबिरीमागचं पाकीट फोडलं. "आटगाव!"

मग मामा म्हणाला, "आटगावच्या पाण्याला मी पहिल्यापास्नं मानतो, भाऊजी." आत्या म्हणाली, "मी मनात तीनच धरलं व्हतं, दादा." सावळीआजीचं पोट थांबलं. राहीचं उघडलेलं तोंड मिटलं, आणि हातासरशी तिनं मालकाला फोन लावला.

पण तक्त्यात निकाल भरताना तिचं पेन अडलं. संध्याकाळी बाबा नेहमीसारखे टाकीकडं निघाले तशी ती मागोमाग गेली आणि टाकीखाली सगळं एका दमात ओकून मोकळी झाली. बाटल्या, राख, कढीपत्ता, शितं.

बाबा हसले. "पोरी, ज्या पाण्यात सत्तावीस वर्षं माझ्या हातानं पावडर टाकली, ते मला वळखू यायचं नाय? पयल्याच घोटाला कळलं."

"मग तीन नंबर का म्हणालात?"

"एक नंबर देताना तू मामाकडं बघत व्हतीस. दोन नंबर देताना आत्याकडं. तीन नंबर दिलास तवा श्वासच घ्यायची थांबलीस. म्हटलं, नाय म्हणालो तर ही पडंल हितंच." त्यांनी टाकीवरून हात फिरवला. तेवढ्यात रितेशच्या मोबाइलनं पंप आपोआप बंद झाला. "आन् हितं आता माझं काय काम हाय गो?"

ज्याच्यावर आंधळी चाचणी घेतली, त्याला सोडून बाकी सगळे आंधळे निघाले होते!

आठवड्यानं मामाच्या टेम्पोत सामान चढलं. सगळ्यात शेवटी बाबांनी पाण्याचे चार मोठे कॅन चढवले. काठोकाठ, विहिरीचे. "तुमी प्या आटगावचं. मी महिनाभर हेच पिणार. सवय हळूहळू मोडायची असते." सरमिसळ होऊ नये म्हणून राहीनं प्रत्येक कॅनवर 'विहीर' असा कागद डिंकानं चिकटवून दिला. बाबा रस्ताभर त्या कॅनना टेकून बसले.

आटगावच्या घरातली पहिली सकाळ. बाबा पहाटेच उठून बाहेर गेले होते. इमारतीच्या टाकीचा कॉक गळत होता, आणि मालकानं त्यांच्याकडे पाना मागितला होता. तासाभरानं ते हात पुसत परतले, चेहरा दिवाळीआधीचा. तांब्या उचलून गटागटा प्यायले.

"आहाहा! बघ राही, याला म्हणतात पाणी. शंभरात वळखीन! त्या नळाच्या पाण्याला यायची हाय का ही चव?"

राहीचा हात सवयीनं मीटरकडं गेला. मग तिनं मोरीकडं पाहिलं. चारही कॅन राखेनं घासून लख्ख झाले होते. शालन नळ बंद करून चौथ्या कॅनसमोर बसली होती आणि बोटावर भाताची दोन शितं घेऊन 'विहीर' लिहिलेला कागद नीट, सरळ चिकटवत होती.

राहीनं मीटर पिशवीत टाकलं आणि पिशवीची चेन लावली.