निळ्या छताखाली टोमॅटो लढले त्याची हकीकत

मंडईचे मुखत्यार, कुल भाजीपाल्याचे खावंद, रंगनिवडीचे सर्वाधिकारी साहेब यांसी विनंती नव्हे, उघड आरोप ऐसा जे: तुम्ही टोमॅटोवर निळा रंग घातला. चालत्या बाजारावर घातला, आणि कोणा विकणाऱ्यास एका शब्दाने न पुसता घातला. तो कैसा घातला आणि कैसा निस्तरला हे तुमच्या कचेरीत कोणी लिहिणार नाही, सबब येथे लिहिले. गोड लागणार नाही. गोड लागावे म्हणोन लिहिलेही नाही.

पूर्वी मंडईत ज्याचे त्याचे छत ज्याच्या त्याच्या मर्जीचे. पालेभाजीवाले हिरवी ताडपत्री बांधीत, लिंबूवाले पिवळी बांधीत, आणि खांबाजवळील जागेच्या धनीण, तराजूबहाद्दर, उधारीमर्दन, पहाटजागृत टोमॅटोकाकू लाल बांधीत. लालातून ऊन गाळोन उतरे आणि निमकच्चा टोमॅटोही ऐसा पिकला दिसे की गिऱ्हाईक येई, भुले आणि पिशवी पसरी. यास लबाडी म्हणावी तर कुल मंडई लबाड होती आणि गिऱ्हाईक खुशीने फसत होते.

मग साहेबांचे मनी आले की बाजार एकरंगी करावा. त्यांनी एक रंगपंडित आणविले. पंडितांनी रंगांचा तक्ता उलगडिला आणि निवेदन केले की निळ्याने गिऱ्हाइकाचे मनी भरवसा उपजतो, बँका निळ्या, विमेवाले निळे, मग भाजीने काय घोडे मारिले. माना डोलल्या, चहा जाहला आणि हुकूम सुटला की दरोबस्त छते निळी करावी, जो न करील त्याची जागा जप्त.

छते निळी जाहली आणि काकूंचे टोमॅटो मार खाल्लेल्या गालासारखे दिसो लागले. चष्मेवाल्या बाई, काकूंच्या जुन्या इतबारी गिऱ्हाईक, त्या आल्या, एक टोमॅटो उचलिला, फिरविला.

"काकू, कालचे का हो हे?"

"आजचेच आहेत. पहाटे उतरवलेत."

"मग असे काळेनिळे का दिसतायत?"

"ते तसे नाहीत. छत तसं आहे."

बाईंनी छताकडे पाहिले, टोमॅटोकडे पाहिले, आणि शेजारून कोबी घेऊन गेल्या. तो कोबीचा घाव काकूंचे वर्मी बसला.

समोर काकूंचे धाकटे दीर, वांग्यांचे सुभेदार, राजमान्य भाऊजी. निळ्याखाली त्यांची वांगी ऐशी चकाकली की जणू दर एकास तेल चोळोन बसविले, आणि गिऱ्हाईक त्यांजवर तुटोन पडले. भाऊजींस रातोरात साहेबांचे शहाणपण पटले.

"वहिनी, मी काय म्हणतो, तुम्हीपण वांगीच ठेवा ना."

"आणि दोघं मिळून एकमेकांना विकू का?"

भाऊजी हसले. मग कचेरीत जाऊन अर्जी रुजू केली की खांबाजवळील जागा रिकामी जाहल्यास आम्हांस मिळावी. इकडे माल पुरविणाऱ्या आडत्याचा निरोप आला की क्रेट असेच भरलेले परत येतील तर पुढील आठवड्यापासोन माल बंद. माल बंद तर जागा रिकामी, आणि जागा रिकामी तर वांगी खांबापर्यंत. काकूंचे यजमान काका, क्रेटांचे सरदार, स्वभावे नरम, बोलिले, "जाऊ दे ना, घरी बसू." काकूंनी त्यांजकडे ऐशा नजरेने पाहिले की काका क्रेट मोजावयास गेले आणि बराच वेळ मोजीत राहिले.

मग मसलत करोन काकूंनी पहिली चाल केली. निळ्याच्या आत जुनी लाल ताडपत्री बांधिली, की वरोन हुकूम राहावा आणि खालोन टोमॅटो. परंतु निळ्याने जे ऊन सोडिले ते लालाने अडविले आणि खाली भर दिवसा काळोख जाहला. समोरोन भाऊजी पुसते जाहले, "वहिनी, कोळशाचं दुकान टाकलंत का?" ही पहिली शिकस्त खाल्ली. मग क्रेट उचलोन वाटेवर उन्हाकडे निघाल्या, तो पहारेकरी धावोन आला आणि सामानासुद्धा मागे रेटिले. ही दुसरी.

मग काकूंनी घरोन शिवणाची कात्री आणिली, स्टुलावर जातीनिशी चढल्या, आणि हुकुमाच्या छातीवर, म्हणजे ताडपत्रीवर, क्रेटाएवढे भोक पाडिले. ऊन धाडकन टोमॅटोंवर उतरले. काकूंनी आपलाच माल किती वर्षांनी निखळ उजेडात पाहिला. कोणी लाल होता, कोणी देठापाशी हिरवट, कोणी नुसताच पिवळा. लाल छताने केवळ गिऱ्हाइकास नव्हे, काकूंसही फसविले होते. कात्री हाती तशीच राहिली. मग उतरल्या आणि एकेक टोमॅटो निवडोन हिरवट वेगळे काढो लागल्या.

चष्मेवाल्या बाई पुनः आल्या.

"पूर्वी जास्त लाल असायचे, काकू."

"पूर्वी छत लाल होतं."

बाईंनी पिशवी पसरिली. "बरं, द्या मग. पण हे पिवळे नकोत."

"ते तुम्हाला देणारच नव्हते."

ऊन सरके तैसे काकू क्रेट सरकवीत आणि क्रेटामागे गिऱ्हाईक सरके. बातमी कचेरीत पोहोचली आणि साहेब खासा चालोन आले. मागे भाऊजी, हाती अर्जीची नक्कल.

"हे काय?"

"भोक आहे."

"छत निळं हवं असा हुकूम आहे, माहीत आहे ना?"

"निळंच आहे की. जिथं आहे तिथं निळं आहे."

हुकूम आणविला, वाचोन घेतला. त्यात रंग सांगितला होता, भोकाची मनाई कोठे निघेना. साहेबांनी एकवार भोकातोन वर पाहिले. मग, घरोन टोमॅटो सांगितले असावे, खिशातोन पिशवी काढिली. प्रथम निळ्याखालील एक टोमॅटो उचलिला, पाहिला आणि परत ठेविला. मग हात उन्हात घातिला आणि तेथील निवडोन निवडोन पिशवी भरली. पैसे दिले, कोणाकडे न पाहता गेले. भाऊजींनी नक्कल घडी करोन खिशात घातिली. सायंकाळी गाजरवाले काकूंकडे कात्री मागावयास आले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. क्रेट रिते परतले, आडत्याचा माल चालू राहिला आणि खांबाजवळील जागा टोमॅटोकाकूंकडे कायम जाहली, ऐसी नोंद केली असे. आता साहेबांकडे एकच पुसणे. निळ्याखाली भरवसा उपजतो ऐसे तुमचे म्हणणे, तर त्या दिवशी निळ्याखालील टोमॅटो हाती घेऊन तुम्ही परत का ठेविला? पंडितास पुसू नये. तक्ता पाहू नये. हात तुमचा होता, जबाब तुम्ही द्यावा, आणि तो मंडईत येऊन, सर्वांसमोर द्यावा.