पपईची होडी

रविवारी सकाळी सहा वाजता शामराव स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे राहून एका पपईची लांबी मोजत होते. पट्टी स्टीलची होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि समोरच्या टाइल्सवर पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग चिकटवलेलं होतं. मधोमध होडी, होडीच्या पुढे अननसाचा मोर आणि भोवती केळी, द्राक्षं, संत्री यांची तीन वर्तुळं. प्रत्येक फोडीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली होती. भिलाईच्या स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये रूळ तपासण्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस ड्रॉइंगशिवाय कामाला हात लावत नाही, मग ते काम फळं कापण्याचं का असेना.

दुपारी त्यांच्या मुलीचं, वैभवीचं डोहाळजेवण होतं. जेवण बाहेरून येणार होतं, फुलांचे दागिने शेजारच्या शकुबाई करणार होत्या, आणि शामरावांनी स्वतःहून फळं मागून घेतली होती. "फळांचं मी पाहतो" एवढंच ते आठ दिवस सगळ्यांना सांगत होते. काय पाहणार, हे मात्र त्यांनी शकुबाईंनाही कळू दिलं नव्हतं.

हा सगळा आटापिटा विहीणबाईंसाठी होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण वैभवीची आई पंचफुला तीन वर्षांपूर्वी गेली, आणि महिन्याभरापूर्वी वैभवीच्या सासूबाई माणिकबाई यांनी नागपूरहून फोन करून अगदी गोड शब्दांत सांगितलं, की तुमच्या घरात बाईमाणूस नाही, तेव्हा बाळंतपण आम्ही इकडेच करू. डोहाळजेवण तेवढं भिलाईला होऊ द्या, संध्याकाळच्या गाडीने आम्ही तिला घेऊन परत येऊ. शामराव "हो जी" म्हणाले. नाही म्हणायला त्यांना काही कारणच सापडेना.

फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ अंगणातल्या खुर्चीत बसून राहिले. वैभवी लहान होती तेव्हा तिच्या वाढदिवसाचा केक हटकून त्यांच्या बी शिफ्टमध्ये, रात्री दहापर्यंतच्या पाळीत, कापला जायचा. घरी येईपर्यंत पोर झोपलेली असे आणि तिच्या वाटणीचा केक खाऊन ते झोपत. आता ते चोवीस तास रिकामे होते, तर पोरगी येणार नव्हती. हातात एकच दिवस होता. त्या एका दिवसात हे घर बाळंतिणीला सांभाळू शकतं, हे माणिकबाईंच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मग त्यांनी मोबाइलवर फळं सजवण्याचे व्हिडिओ पाहायला घेतले. त्यातली मुलगी कलिंगडाची होडी करायची, तिच्यात रंगीबेरंगी फळं भरायची आणि शेजारी एका वाटीत डिप ठेवायची. डिप म्हणजे काय, यावर शामरावांनी दोन दिवस विचार केला आणि ते पातळ केलेलं श्रीखंडच आहे अशा निष्कर्षाला आले. चक्का, मध, वेलची, थोडं केशर. चक्का त्यांनी पंचफुलाच्या जुन्या मऊ पातळाच्या तुकड्यात बांधला, कारण घरात तेवढं स्वच्छ आणि तेवढं विरलेलं दुसरं कापड नव्हतं. कलिंगड मात्र ऐन थंडीत मिळेना. तेव्हा त्यांनी डोकं चालवलं आणि पपई आणली. आकार मुळातच होडीचा, रंग भगवा, कोरायला मऊ. या बदलावर ते इतके खूश होते, की ड्रॉइंगच्या कोपऱ्यात त्यांनी तारखेसह सही केली.

गडबड झाली ती मापामुळे. बारा मिलिमीटरची फोड चौदा झाली की शामराव ती बाजूला टाकत. केळ्यांचा निम्मा माल असा बाद झाला, संत्र्यांचा तर त्याहून जास्त. नऊ वाजता लक्षात आलं, की तिसरं वर्तुळ भरायला फळंच उरली नाहीत. दुकानात जावं म्हणून त्यांनी दार उघडलं, तर कडीला एक कापडी थैली अडकवलेली. आत सफरचंद, डाळिंब, चिकू, मोसंबी, एक मोठं बिही, म्हणजे पेरू, आणि भलाथोरला नारळ. थैली शकुबाईंची होती. किती समजूतदार शेजारीण, न सांगता आपली अडचण ओळखली, असं म्हणत शामरावांनी दहा मिनिटांत सगळं कापलं. नारळ फोडून त्याच्या अर्ध्या करवंटीत डिप ओतला. वाटीपेक्षा तो त्यातच शोभून दिसत होता.

अकराला मंडळी आली. वैभवी हिरव्या साडीत होती, चेहरा भरला होता, आणि पायऱ्या चढताना ती एका हाताने कंबर धरत होती. शामरावांना तिला धरायला पुढे व्हावंसं वाटलं, पण जावई सिद्धांत होताच. मागून माणिकबाई आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, आणि नागपूरच्या क्वार्टरमध्ये तीन पोरं वाढवून त्यांनी तिघांनाही मार्गी लावलं होतं. घरात शिरताना त्यांची नजर दाराच्या चौकटीपासून पंख्याच्या पात्यापर्यंत फिरली. ती नजर शामरावांनी ओळखली. चौतीस वर्षं ते स्वतः रुळांकडे तसंच पाहत आले होते.

बाया जमल्या, वैभवीला फुलांचे दागिने चढले, आणि शामरावांनी दोन्ही हातांनी परात आणून तिच्यापुढच्या चौरंगावर ठेवली. होडी झकास उभी होती. मोराने मान वळवली होती. द्राक्षं रांगेत होती. कौतुकाची वाट पाहत ते दोन पावलं मागे सरले.

एका बाईने दुसरीकडे पाहिलं, आणि दुसरीने पदर तोंडाला लावला. वैभवी होडीकडे पाहत होती. तिचे डोळे भरून आले होते, ओठ मात्र हसू दाबत होते, आणि दोन्हीतलं खरं कोणतं हे शामरावांना कळेना.

"शामरावजी," माणिकबाई म्हणाल्या, "ही पपई आहे का?"

"हो जी. टरबूज भेटलं नाही, म्हणून."

"अन् हा मोर अननसाचा?"

"हो."

"पोटुशी बाईपुढं पपई अन् अननस कोणी ठेवते का जी? आमच्याकडं तर नाव पण नाही घेत."

शामरावांचा चेहरा पडला. एवढ्यात शकुबाई आतून आल्या आणि ओटी भरायची वेळ झाली, थैली कुठं ठेवली म्हणून विचारू लागल्या. सकाळी दार ठोठावलं, पण मिक्सरच्या आवाजात तुम्हाला ऐकू गेलं नाही, म्हणून कडीला अडकवून गेले, असं त्यांनी सांगितलं. ओटीचा नारळ आणि पाच फळं होती त्यात.

शामरावांनी परातीकडे पाहिलं. शकुबाईंनीही पाहिलं. तिसऱ्या वर्तुळात बिही होतं, डाळिंब होतं, चिकू होता, सगळं बारा मिलिमीटरचं. नारळ डिपच्या खाली होता. अख्खं म्हणावं असं त्या घरात एकही फळ शिल्लक नव्हतं.

सिद्धांतला शामरावांच्या स्कूटरवर बाजारात पिटाळण्यात आलं. एक नारळ आणि पाच फळं, असं माणिकबाईंनी त्याला दोनदा बजावलं. शामरावांनी परात उचलली आणि ते स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले. आपण एका सकाळीत सगळं घालवलं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. घरात बाईमाणूस नसलं की काय होतं, ते त्यांनी स्वतःच परातीत सजवून विहीणबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवलं होतं.

थोड्या वेळाने पाणी घ्यायला म्हणून माणिकबाई आत आल्या. ड्रॉइंगपाशी थांबून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. शामराव उठले, त्यांनी ड्रॉवरमधून डायरी काढली आणि पेनाचं टोपण उघडलं.

"विहीणबाई, एक विचारू का? पपई झाली, अननस झालं. अजून काय काय चालत नाही?"

"आता कशाले जी?"

"लिहून घेतो."

माणिकबाईंनी सांगितलं. शामरावांनी क्रमांक टाकून लिहिलं. मग बाळंत झाल्यावर काय द्यायचं ते विचारलं. डिंकाचे लाडू कोणत्या दिवसापासून, शेपू रोज की एक दिवसाआड, बाळाला शेक सकाळी की संध्याकाळी, पाणी किती गरम. किती गरम याचं उत्तर माणिकबाईंनी "हाताले सोसेल एवढं" असं दिलं, तर कोणाच्या हाताला, हेही त्यांनी विचारलं. पान भरलं तेव्हा माणिकबाईंनी ग्लास खाली ठेवला.

"हे लिहून काय कराल तुम्ही? ती तर नागपूरले राहणार."

"असू द्या जी," शामराव म्हणाले. "पंचफुला होती तेव्हा हे सगळं तिले माहीत होतं. मी कधी विचारलंच नाही. वैभवीच्या वेळी ती काय खात होती, मले आज आठवत पण नाही. निदान पोरीचं तरी मले माहीत असावं."

माणिकबाईंनी परात जवळ ओढली, पपईच्या होडीचा एक काठ मोडला, डिपमध्ये बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा मोडला.

"सिद्धांतच्या टायमाले यांची ड्युटी इटारसीले होती," त्या हळूच म्हणाल्या. "मले संत्रं खावंसं वाटत होतं. नागपुरात राहून, जी. पुरे नऊ महिने. पण कोणी आणून दिलं नाही, अन् मी पण कोणाले म्हटलं नाही."

शामरावांनी मापात न बसलेल्या संत्र्याच्या फोडींचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. माणिकबाई ओट्यापाशी उभ्या राहूनच खात होत्या आणि अधूनमधून पदराने नाक पुसत होत्या.

तेवढ्यात स्कूटर वाजली. सिद्धांत घाम पुसत आत आला आणि त्याने अभिमानाने पिशवी ओट्यावर रिकामी केली. त्यातून निघाली एक पपई, पहिलीपेक्षा मोठी. दोन अननस. नारळ म्हणून शहाळं आणलेलं होतं, वरून तासलेलं, स्ट्रॉ खोचलेलं.

"हे काय आणलं रे?" माणिकबाईंनी कपाळाला हात लावला.

"सबसे फ्रेश यही था, मम्मी. अन् डाबवाला बोला, प्रेग्नंट लेडी के लिए बेस्ट है. पाच नाही भेटले, तर मोठे मोठे आणले."

"बाहेर मी त्या पपईवर एवढं बोलली, तेव्हा तू कुठं होता?"

"तिथंच तर होतो. मले वाटलं, पपई कमी पडली म्हणून तू बोलून राहिली."

माणिकबाईंनी शामरावांकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते असं फुटलं की त्यांना शामरावांच्या स्टुलावर बसावं लागलं. एकोणतीस वर्षं हा आपल्या हाताखाली वाढला, आपल्या घरात तर बाईमाणूस होतं, मग हे ध्यान असं कसं निघालं, असं काहीतरी त्या हसता हसता म्हणत होत्या. हसण्याचा आवाज ऐकून बाया दारात गोळा झाल्या. शकुबाईंनी मात्र वेळ घालवला नाही. शेजारी जाऊन त्या आपल्या डब्यातली खारीक, बदाम, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी घेऊन आल्या. ओटीला एवढं पुष्कळ झालं, पूर्वी याच पाच वस्तू असत, असं त्यांनी ठासून सांगितलं आणि कोणी वाद घातला नाही. ओटी भरली गेली. परात बायांमध्ये फिरली आणि पंधरा मिनिटांत होडी, मोर, वर्तुळं सगळं फस्त झालं. वैभवीला पेरूच्या फोडी आणि डिप मिळाला. तिने करवंटी बोटाने पुसून खाल्ली.

जेवणं उरकली आणि चार वाजता निघायची तयारी सुरू झाली. माणिकबाईंनी बॅग उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मी काय म्हणते, शामरावजी," त्या म्हणाल्या, "रीत म्हटली तर पहिलं बाळंतपण माहेरचंच असते."

"पण विहीणबाई, तुम्ही म्हणाल्या ते काही खोटं नाही. मले खरंच काही येत नाही."

"तुमाले येत नाही, हे तुमाले समजते तरी."

"पण तुमच्याइतकं नीट..."

"माझं बाळंतपण आहे," वैभवी मधेच म्हणाली. ती सोफ्याच्या हाताला धरून उठली होती. "एक महिन्यापासून तुम्ही दोघं ठरवून राहिले. मले कोणी विचारलं का?"

मग शामरावांनीच घसा साफ करून विचारलं, "बरं. तुझं काय म्हणणं आहे, बेटा?"

"मले इथं राहाचं आहे. आजपासून. अन् आई, नववा लागला का तुम्ही पण इथंच या. मले दोघं पाहिजेत."

व्याही आणि विहीण एका घरात दोन-अडीच महिने कसे राहणार, हा प्रश्न दोघांच्याही चेहऱ्यावर एकदमच उमटला. माणिकबाईंनी आधी सावरून घेतलं. मागच्या खोलीत ऊन येतं का ते त्यांनी पाहून घेतलं, पलंग खिडकीपासून दूर ओढायला लावला, लाडवांचा डिंक आपण नागपूरहून आणू म्हणाल्या, आणि फाटकाशी आल्यावर शामरावांकडे न पाहता एवढंच बोलल्या, "फळं कापाचं काम तुमचंच राहील."

ऑटो वळेपर्यंत बापलेक फाटकात उभे होते. तीन तिकिटांतलं एक वाया गेलं म्हणून सिद्धांत मागे वळून हात हलवत काहीतरी ओरडत होता, ते नीट ऐकू आलं नाही. शामरावांना इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा हे त्यांना समजत नव्हतं.

"बाबा," वैभवी म्हणाली, "भूक लागली."

"आत्ताच तर जेवली."

"तरी लागली."

शामराव लगेच आत गेले. कुकर काढला, तांदूळ घेतले आणि नळाखाली धुवायला लागले. पाणी केव्हाच नितळ झालं होतं, तरी ते पाठमोरे उभे राहून कितीतरी वेळ तांदूळ धूतच राहिले.