वाटी आठच्या आत

सकाळी सातला आमच्या दुर्गजवळच्या हुडको कॉलनीतल्या घराची बेल तीनदा वाजते. दार उघडलं की आधी एक स्टीलची वाटी दिसते आणि मग तिच्यामागे गल्लीतले मेश्राम भाऊजी. वाटीत चियाचं पुडिंग असतं. भाऊजी "जयभीम, वहिनी" म्हणतात, मनगटावरचं घड्याळ पाहतात आणि बजावतात, "वाटी आठच्या आत. धुवून. रिकामी."

हे 'रिकामी' मला फार लागायचं. शेजारची वाटी रिकामी परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे मला आईने शिकवलेलं. पहिल्या आठवड्यात मी दोन चकल्या घातल्या, तर भाऊजींनी त्या दारातच माझ्या हातावर ठेवल्या. "ह्याच्यात टाइम जाते, वहिनी." वाट्यांवर त्यांच्या बायकोचं, शालूताईंचं नाव कोरलेलं आहे. शालूताई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की माणूस चिकट आहे आणि त्याचा जीव वाट्यांत अडकला आहे.

भाऊजींनी तीस वर्षं स्टील प्लांटच्या सेफ्टी विभागात काढली. ते रिटायर झाले, सेफ्टी झाली नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी वर पंखा बघतात, मग खुर्ची हलवून बघतात, मग बसतात. लग्नात गेले की जेवायच्या आधी मांडवातून बाहेर पडायचे रस्ते मोजतात. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी डोक्यावर हेल्मेट. 'एवढं कशाला?' म्हणावं तर उत्तर ठरलेलं, "रिस्क कावून घ्याची?"

चिया त्यांच्या घरात आलं ते डॉक्टरांनी तेलकट नाश्ता बंद केल्यावर. फोनवर व्हिडिओ पाहून ते दुर्गच्या बाजारात गेले. दुकानदाराने "वही है अंकल, एक ही बात है" म्हणत सब्जा बांधून दिला. घरी येऊन भिजवला, तर पाच मिनिटांत टम्म. भाऊजी घाबरले. "दोन तास सांगतले होते, हे आत्ताच फुगून राहिलं!" त्यांनी तो भिजलेला सब्जा डब्यात भरला, हेल्मेट घातलं आणि पुरावा म्हणून दुर्गला परत नेला.

खरं चिया मिळाल्यावर त्यांनी त्याची शिस्त बसवली. रोज दुपारी चारला दोन चमचे बी आणि एक वाटी दूध. दहा मिनिटांनी पुन्हा ढवळायचं, म्हणजे तळाला गाठ धरत नाही. "गाठ म्हणजे ॲक्सिडेंट." कोरं बी तोंडात टाकायला सक्त मनाई, कारण ते घशात फुगतं. मग वाट्या फ्रिजमध्ये. सकाळी तीन घरी तीन तऱ्हा. समोरच्या साहू आजींना दात नाहीत, म्हणून त्यांचं पातळ, केळं कुस्करून. कोपऱ्यावरच्या नायर सरांना शुगर, त्यांचं अगदी फिकं. माझ्यात गूळ.

चवीचं काय सांगू? गिळायचं की नाही हे ठरवेपर्यंत ते खाली उतरलेलं असतं. साहू आजी त्याला 'मेचका के अंडा' म्हणतात, म्हणजे बेडकाची अंडी, आणि चाटूनपुसून खातात.

रविवारी मात्र आमच्याकडे वाटी यायची नाही. साहू आजींकडे यायची, नायर सरांकडे यायची, फक्त आम्हालाच सुट्टी. सहा दिवस नाक मुरडणारी मी सातव्या दिवशी फुगून बसायचे. आमचे हे जामुलच्या सिमेंट कारखान्यात, रोज सहाला घर सोडतात. रविवारी घरी असतात. म्हणायचे, "मले भीत असन तो."

आठ वाजून गेले की भाऊजींचा फोन यायचा. आठ पाचला बेल. आठ दहाला खिडकीच्या गजांवर किल्ली वाजायला लागायची. एका वाटीपायी एवढा जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

एका गुरुवारी मला दाखल्यासाठी दुर्गला कलेक्टर ऑफिसात जायचं होतं. घाईत वाटी सिंकमध्येच राहिली, फोन चार्जिंगला राहिला, आणि दार ओढून मी निघाले. आमच्या दाराला लॅच आहे, माणूस आत आहे की बाहेर ते कळत नाही. फोन राहिल्याचं अर्ध्या वाटेत कळलं, म्हणून साडेआठला परत आले तर फाटकापाशी ही गर्दी. भाऊजी माझ्या दारात सब्बल, म्हणजे पहार, घालून उभे आणि आत माझा फोन वाजतोय.

सगळ्या गल्लीसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "एका वाटीसाठी दार तोडता, भाऊजी? उद्यापासून नका आणू तुमची वाटी."

"वाटीसाठी नाही, वहिनी," एवढंच भाऊजी म्हणाले. मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि सब्बल घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सातला बेल वाजली नाही. बरं झालं, म्हटलं. पोहे केले. खायला बसले, पण लक्ष दाराकडे. साडेसातच्या पुढे साहू आजी काठी टेकत फाटकाशी आल्या. "आज मेचका के अंडा नइ आइस वो. सर घर घलो नइ आइस."

राग माझ्यावर होता, मग आजींना आणि सरांना वाटी का नाही? मी तशीच धावले. भाऊजींची स्कूटर अंगणात होती. दार बंद. उंबऱ्याशी दुधाचं पाकीट तसंच पडलेलं. ते पाहिलं आणि मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले.

दार लगेच उघडलं. आंघोळ करून, बूट घालून भाऊजी समोर उभे. हातात घड्याळ.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "मॉक ड्रिल होती, वहिनी. चाळीस मिनिटं लय होतात."

मी भांडणार होते. पण आत गेले आणि समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी आधी वर पंखा पाहिला, मग मला पाणी दिलं. ओट्यावर तीन वाट्या भरून तयार होत्या. चौथी रिकामी होती.

"गॅस एरियात जाताना आमी आपलं टोकन फळ्यावर लटकवत होतो," भाऊजी सांगू लागले. "बाहेर आलं की काढाचं. फळ्यावर टोकन राह्यलं म्हणजे माणूस आतच राह्यला. तुमी तिघं सकाळी घरात एकटे असता. वाटी परत आली का मी समजतो, माणूस ठीक आहे."

रविवारची सुट्टी मला तेव्हा कळली.

"शालू पडली तवा मी फर्स्ट शिफ्टले होतो," ते म्हणाले. "अडीचले आलो, तवा दुधाचं पाकीट दारातच होतं."

मला ते पाकीट आठवत होतं. भाजीला जाताना पाहिलं होतं, येतानाही. झोपल्या असतील, असं वाटून पुढे गेले होते. तीन वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. "भाऊजी, मी पाह्यलं होतं ते पाकीट," मी म्हटलं. "दोनदा."

त्यांनी हातातलं घड्याळ ओट्यावर ठेवलं. मग म्हणाले, "सगळ्यांनीच पाह्यलं असन. पाकीट पाहून कोण दार वाजवते, वहिनी? वाटी नाही आली तर मात्र जा लागते."

मी डोळे पुसले. ते रिकाम्या वाटीकडे बघत होते. "तुमची टोकनं माह्याकडे जमा होतात," ते म्हणाले. "माहं कुठं जमा करू?"

मी ती चौथी वाटी उचलली आणि घरी घेऊन आले.

आता भाऊजींची वाटी माझ्या ओट्यावर असते. माझं पुडिंग देऊन ते रोज सातला ती घेऊन जातात आणि दुपारी, चिया भिजवायच्या आधी, परत आणून ठेवतात. रविवारी पुडिंग नसतं, पण वाटी न्यायला ते येतातच. मी ती रिकामी देत नाही. कधी खजूर, कधी मूठभर शेंगदाणे. पहिल्या दिवशी "ह्याच्यात टाइम जाते" म्हणाले, पण दारात उभ्यानेच खाऊन गेले.

सात पाचपर्यंत वाट बघायची, मग जाऊन दार वाजवायचं, असं आमचं ठरलं आहे. मी सहा पन्नासलाच चपला घालून फाटकाशी उभी असते. हे हसतात. हसू देत. रिस्क कावून घ्याची?